एकाच जागचा ठिपका

आमच्या बेलीज कोव्ह गावात सेल्बी व्हॅलिस नेमकं काय काम करतो, हे धडपणे सांगू शकतील अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांना एवढंच ठाऊक, की तो हॅलिफॅक्सच्या केबलच्या जहाजावर असतो. अटलांटिकच्या तळाशी तुटलेली केबल जहाजवाले वर काढतात आणि सेल्बी ती जोडतो. "जोडतोस म्हणजे काय रे, गाठ मारतोस?" असं दुकानात कुणीतरी दरवेळी विचारणार, आणि सेल्बी दरवेळी "हो, दुहेरी" म्हणून आटवलेल्या दुधाचे चार डबे उचलून चालू पडणार. समजावून सांगत बसायचा त्याला कंटाळा. ते खातं त्याच्या मेहुण्याने, गार्लंड कीपिंगने, आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

गार्लंड म्हणजे सेल्बीच्या थोरल्या बहिणीचा, व्हर्नाचा, नवरा. त्याच्याही आधी तो शेजारचा पोरगा, शाळेतला सोबती आणि वीस वर्षं एकाच होडीवरचा जोडीदार. चर्चच्या हॉलमध्ये पत्त्यांचा डाव रंगात आला की गार्लंड पानं उपडी ठेवायचा आणि सुरू व्हायचा. "अरे, केसाहून बारीक काच असते ती. एका केबलीत तसे आठ तंतू. हा प्राणी एकेक तंतू दुसऱ्याच्या टोकाला वितळवून लावतो. मध्ये शिंकलास तर गेलं. एक सांधा म्हणजे बारा तास. मग त्यावर प्लास्टिक ओततात, आणि मग त्याचा एक्स-रे काढतात, माणसाचा काढतात तसा. आत सुईच्या टोकाएवढा बुडबुडा दिसला ना, की आपला सेल्बी म्हणतो, काप."

"आणि मग?" कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

"मग काय, कापायचं. कॅप्टनच्या बापालाही 'का' विचारायची सोय नाही."

सेल्बी कोपऱ्यात बसून हे ऐकायचा. ते ऐकायला त्याला आवडत होतं, हे आम्हा सगळ्यांना दिसायचं.

खरं तर दोघांचंही आयुष्य मासे धरण्यात जायचं. आमच्याकडे मासा म्हणजे कॉड. बाकीच्या माशांना त्यांची त्यांची नावं आहेत. तो मासा धरायला सरकारने बंदी घातली त्या वर्षी अख्खा गाव धक्क्यावर हात चोळत उभा राहिला. पुरुषांना नवीन कामं शिकवायची टूम निघाली. कुणाला केस कापायला शिकवलं, कुणाला संगणक. केबल कंपनीचा एक माणूस हॅलिफॅक्सहून आला, त्याने शाळेच्या बाकावर एक काचेचा तंतू ठेवला आणि म्हणाला, चिमट्याने उचला. अठरा जणांनी तो मोडला. सेल्बीने उचलला, उजेडात धरून पाहिला आणि होता तसा परत ठेवला. जाळी विणण्यात आणि शिवण्यात त्याचा हात असा, की बापाच्या हयातीत त्याला खाली बघावंसुद्धा लागत नसे. सहा महिन्यांनी तो जहाजावर होता. पुढच्या वर्षी त्याने शब्द टाकून गार्लंडलाही तिथे लावून घेतलं, डेकवर. गार्लंड चढत चढत बोसन झाला, म्हणजे डेकवरच्या सगळ्या दोरांचा आणि माणसांचा मालक. सेल्बीने लग्न केलंच नाही. बापाच्या घरात एकटा राहायचा आणि सुटीवर असला की रविवारचं जेवण बहिणीकडे जेवायचा.

'काप' हा शब्द त्याला चिकटला कसा, तेही सांगायला हवं. एकदा समुद्र आरशासारखा असताना त्याने एक सांधा नापास केला. एक्स-रेमधला डाग इतका बारीक होता, की कंपनीच्या साहेबाला भिंगातूनही दिसेना. साहेब चिडला, पण सेल्बी हटला नाही. कापलेला सांधा कंपनीच्या डेपोत नेऊन पातळ चकत्या केल्या, तर आत खरोखरच बुडबुडा. पंचवीस वर्षं समुद्राखाली राहायचं असतं त्या सांध्याला. पाणी एकदा आत शिरलं की खेळ खलास. ती चकती कंपनीने काचेत बसवून डेपोच्या भिंतीवर लावली. तेव्हापासून सेल्बी म्हणाला काप, की कापायचं. तो चुकत नाही, असं आधी लोक म्हणत होते. हळूहळू त्यालाही ते पटत गेलं. एवढी माणसं इतकी वर्षं एकच गोष्ट सांगत राहिली तर कुणाला पटणार नाही?

मार्चमध्ये आयर्लंडकडे जाणारी एक केबल ग्रँड बँक या मासेमारीच्या उथळ पट्ट्याच्या पूर्व कडेला तुटली. कुठल्यातरी ट्रॉलरच्या जाळ्याची लोखंडी फळी तिच्यावरून घसटत गेली होती. सेल्बीचं जहाज 'ऑलिव्ह टेनन्ट' हॅलिफॅक्सहून निघालं, तिसऱ्या दिवशी जागेवर पोचलं, गळ टाकून केबल वर काढली. एक टोक तरंगत्या बोयाला बांधून ठेवलं, दुसरं जहाजावर घेतलं आणि त्याला नवी केबल जोडायला सेल्बी बसला. मदतीला ऱ्होडा स्ट्रिकलंड होती. सेंट जॉन्सची, पस्तिशीतली, सात वर्षं हेच काम केलेली. हात चांगला, तोंड कमी. दोघांचं जमायचं.

सकाळी सहाला सांधा पुरा झाला. एक्स-रे काढायची पद्धत अशी: फिल्म एका चपट्या पेटीत घालायची, सांध्याखाली ठेवायची, एक फोटो घ्यायचा. मग सांधा पाव फेरा फिरवायचा आणि दुसरा फोटो घ्यायचा. जहाजावर पेट्या दोन होत्या, पण एकीची कडी मोडलेली, म्हणून दोन्ही फोटो एकाच पेटीतून निघाले. सेल्बीने पहिली फिल्म दिव्यावर धरली. प्लास्टिकच्या कडेजवळ एक ठिपका होता. दुसरी धरली. तिच्यातही होता.

"काप," सेल्बी म्हणाला.

ऱ्होडा दोन्ही फिल्मकडे बघत होती. "पेटी उघडून पुसू या का एकदा? परत एक फोटो काढू. किती, चाळीस मिनिटं जातील."

"फोटो काढून सांधा सुधारतो का?"

"तसं नाही, पण—"

"दोन्हींत आहे ना? मग? वारा फिरणार आहे म्हणतात. फोटो काढत बसू की काम करू?"

ऱ्होडाने करवत घेतली.

कॅप्टन झिंक दारापर्यंत आला. लूनेनबर्गचा माणूस, उगाच आवाज चढवणारा नव्हे. "व्हॅलिस, दुपारनंतर आग्नेयेकडून जोराचं येतंय. हा सांधा उतरला असता तर दहापर्यंत आपण मोकळे होतो."

"माहीत आहे, कॅप्टन."

"खात्री आहे ना तुमची?"

"दोन्ही फोटोंत आहे."

एक्स-रे कसा वाचायचा हे कॅप्टनला कळत नाही, आणि कळायचं कारणही नाही. त्याने आकाश वाचायचं. टोक बोयाला बांधून वारा सरेपर्यंत बाजूला जाणं त्याच्या हातात होतं. पण केबल बंद पडून पाच दिवस झाले होते, कंपनी दर दोन तासांनी विचारत होती, आणि सेल्बी बारा तासांत देतो म्हणजे देतो. "बरं," कॅप्टन म्हणाला, "धरून ठेवतो मी जहाज."

साडेदहाला गार्लंड दाराच्या काचेवर टकटक करून उभा राहिला. सांधा उघडा असताना आत यायला कुणालाच परवानगी नव्हती, त्यामुळे ऱ्होडाने बाहेर जाऊन त्याच्या हातून चहा घेतला. सेल्बी पाय मोकळे करायला दारात आला.

"कापलंस म्हणे."

"कापलं."

"मग कापायलाच हवं असेल." गार्लंडने नाक पुसलं. दाढीत मीठ साचलेलं. "पुढं जहाज बकऱ्यासारखं उड्या मारतंय. पोरांना पिटाळलंय मी, दोर माझे मीच बदलतो. आज खारवलेलं मांस आहे जेवायला. तुझ्या वाटचं काढून ठेवायला सांगू?"

"सांग. आणि मोहरी."

"मोहरी तुझी तू शोध, राजे," म्हणून गार्लंड पुढे गेला.

सांधा होईपर्यंत केबल जहाजाच्या नाकाशी दोन दोरखंडांनी आवळून धरलेली असते. खाली पाण्यात लटकलेल्या केबलीचं सगळं ओझं त्या दोरांवर. जहाज वरखाली झालं की दोर घासतात, म्हणून दर दोन तासांनी जुना सोडून नवा बांधायचा. समुद्र शांत असेल तर दहा मिनिटांचं काम. एकच्या सुमाराला गार्लंड नवा दोर आवळत होता. तेवढ्यात जहाजाचं नाक वर उचललं गेलं, जुना दोर तुटला आणि केबल उसळून त्याच्या छातीवर बसली. दुसऱ्या दोराने केबल धरली. गार्लंड लोखंडी कठड्यावर जाऊन आपटला. दहा-बारा मिनिटं त्याच्यात जीव होता.

सांध्याच्या खोलीत सेल्बीला एक हिसका जाणवला. त्याने पाचवा तंतू चिमट्यात धरलेला. तो तसूभरही हलला नाही, श्वास रोखून तसाच थांबला, मग तंतू यंत्रात बसवला. दारावर टकटक झाली. ऱ्होडा बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. तिच्या हातांना साबणाचा वास येत होता.

"काय झालं?"

"दोर तुटला एक. दुसऱ्याने धरलंय."

"गार्लंड बघतोय ना?"

"तिथेच आहे तो," ऱ्होडा म्हणाली.

"मग ठीक. सहावा दे."

तिने सहावा दिला. कॅप्टनचा हुकूम होता: सांधा पुरा होईपर्यंत व्हॅलिसला कुणी काही सांगायचं नाही. हात थरथरला तर सांधा परत कापावा लागेल, परत बारा तास, आणि त्या समुद्रात आणखी बारा तास कुणाला डेकवर उभं करायचं? हुकूम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण साडेपाच तास मेहुणा जेवणाच्या खोलीत घोंगडीखाली पडलेला, आणि वीस पावलांवर हा माणूस आयुष्यातलं सगळ्यांत सफाईचं काम करत होता.

साडेसहाला नवे फोटो निघाले. दोन्ही स्वच्छ. सेल्बीने पाठ सरळ केली, हात धुतले आणि जेवायला निघाला. भूक सपाटून लागली होती. जेवणाच्या खोलीच्या दारात कॅप्टन टोपी हातात घेऊन उभा होता, आणि त्याच्यामागे कुणीच जेवत नव्हतं.

गार्लंडला बेलीज कोव्हला आणलं तेव्हा जमीन अजून गोठलेली होती. कबर खणायला आम्हाला दोन दिवस लागले. त्याची एकुलती मुलगी ग्लेनिस आयर्लंडमध्ये कॉर्कला नर्स आहे. ती आली, आठ दिवस राहिली आणि परत गेली. कॅप्टन झिंक स्वतः आला होता. स्वयंपाकघरात व्हर्नाचा हात हातात घेऊन तो जे बोलला ते तिने घट्ट धरून ठेवलं. तो म्हणाला, "बाई, तुमच्या भावाने खराब सांधा समुद्रात जाऊ दिला नाही आणि तुमच्या नवऱ्याने केबल सोडली नाही. अशी माणसं आता मिळत नाहीत."

व्हर्ना हे येईल-जाईल त्याला सांगायची. रडता रडता तिची मान जराशी ताठ व्हायची. पाद्रीबाबांनी तेच प्रवचनात घेतलं आणि सेल्बीला पुढच्या बाकावर बसवलं. दुकानात आता गाठीबद्दल कुणी विचारेना. तो आला की लोक बाजूला होऊन वाट देत. चौकशी झाली. हवामान वाईट, दोर झिजलेला, मृत माणसाने मदतनीस परत पाठवलेले. एवढ्यावर सह्या झाल्या. आधीचा सांधा का कापला, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सेल्बी म्हणाला काप, त्यात विचारायचं काय?

एप्रिलमध्ये डेपोत कागदपत्रं पुरी करताना सेल्बीपुढे ऱ्होडाने लिहिलेली नोंदवही आली. दुसऱ्या सांध्याच्या पानावर, एक्स-रेच्या आधी, तिच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: 'पेटी उघडून पुसली. एक कण निघाला.'

त्याने ती ओळ वाचली, पान उलटलं आणि मग परत मागे आला.

आधीच्या सांध्याच्या दोन फिल्म नोंदवहीसोबतच्या पाकिटात होत्या. दिव्याच्या काचेवर त्याने त्या एकावर एक ठेवल्या. सांधा पाव फेरा फिरवलेला होता. आत खराच बुडबुडा असता तर दुसऱ्या फोटोत तो सरकून दुसरीकडे दिसला असता. सांधा फिरतो तेव्हा त्याच्यातलं सगळंच फिरतं. हे शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात सांगतात, आणि सेल्बीने स्वतः किती जणांना सांगितलं असेल. इथे ठिपक्यावर ठिपका बसला, एकच झाला. ठिपका सांध्यात नव्हताच. पेटीत होता. त्या सकाळी दोन्ही फिल्म दिव्यावर धरून त्याने 'आहे ना' एवढंच पाहिलं होतं. कुठे आहे, ते पाहिलंच नाही.

तरी त्याने तो कापलेला सांधा डेपोच्या कपाटातून काढला, यंत्रावर लावला आणि दिवसभर चकत्या पाडल्या. एकेक चकती उजेडात धरायची, बाजूला ठेवायची. सगळ्या नितळ. अशा सांध्याला कुणीही डोळे मिटून पास केलं असतं.

ऱ्होडा दारात येऊन उभी राहिली होती.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"पेटी पुसताना. संध्याकाळी."

"गार्लंड गेल्यावर."

"हो."

"चौकशीत का नाही सांगितलंस?"

"मला विचारलं नाही. तुम्हाला विचारलं?" त्याने हातातली चकती बाजूला ठेवली. तीच पुढे म्हणाली, "मी सकाळी म्हणाले होते, परत एक फोटो काढू. मी आणखी जोर धरायला हवा होता, ते माझं मी बघते. वहीत खरं लिहून ठेवलंय. पुढचं तुमचं आहे, सेल्बी. तुमच्या बहिणीला जाऊन मी सांगणार नाही."

त्याने रजा टाकली आणि घरी आला. दोन फिल्म कोटाच्या आतल्या खिशात. पहिल्या रविवारी व्हर्नाने खारवलेलं मांस, कोबी, सलगम असं सगळं उकडून वाढलं आणि त्याच्या ताटात मोठा तुकडा घातला. कॅप्टनचं पत्र आलं होतं, ते वाचून दाखवलं. तो जेवला आणि उठला. दुसऱ्या रविवारीही तसंच. त्याच्या मनात काय चाललं होतं ते कुणालाही कळण्यासारखं होतं, कळणारं कुणी असतं तर. गप्प राहिला, तर बहिणीला निदान एक अर्थ उरत होता: नवरा कशासाठी तरी गेला. बोलला, तर नवरा पेटीतल्या एका कणासाठी आणि भावाच्या ताठ्यासाठी गेला, आणि तेवढंच तिच्या पदरात राहणार. तिच्या भल्यासाठी गप्प बसावं असं त्याला वाटायचं. आणि पुढच्याच घासाला वाटायचं, की हे भलं नेमकं कुणाचं? चर्चच्या पुढच्या बाकावर कोण बसतंय?

तिसऱ्या रविवारी व्हर्ना म्हणाली, "पाद्रीबाबा म्हणत होते, हॉलमध्ये पितळी पाटी लावू या. त्याचं नाव. आणि खाली एक ओळ, खराब सांधा सोडला नाही, अशी काहीतरी. तूच सांग ना नीट शब्द, तुला कळतं त्यातलं."

सेल्बीने काटा खाली ठेवला. "व्हर्ना, सांधा खराब नव्हता."

"कुठला?"

"मी कापला तो."

तो उठून खिडकीशी गेला, खिशातून फिल्म काढल्या आणि काचेवर धरल्या. बाहेर खाडीत बर्फाचे तुकडे होते, लख्ख ऊन होतं, त्यामुळे सगळं स्पष्ट दिसलं. त्याने तिला पाव फेरा समजावला. बुडबुडा असता तर कुठे दिसला असता ते बोटाने दाखवलं. मग एक फिल्म दुसरीवर सरकवली. सबंध आयुष्यात त्याने आपलं काम कुणाला इतकं नीट समजावून सांगितलं नव्हतं. व्हर्ना हात पुसत पुसत जवळ आली आणि वाकून पाहू लागली. ती काही मूर्ख बाई नव्हती.

"हा पेटीतला."

"हो."

"म्हणजे आधीचाच चालला असता."

"हो. दहा वाजेपर्यंत आम्ही निघालो असतो."

"आणि हे तुला तेव्हा कळलं नाही?"

"बघितलं असतं तर कळलं असतं. ऱ्होडा म्हणाली होती, परत एक फोटो काढू म्हणून. मी नको म्हटलं."

"किती वेळ लागला असता?"

"चाळीस मिनिटं."

व्हर्ना खुर्चीत बसली. तिने समोरचं ताट थोडं पुढे सरकवलं, मग आणखी थोडं. "चाळीस," ती म्हणाली. "घाई होती का तुला?"

"नाही. मी चुकत नाही, असं वाटत होतं मला."

"ते त्यानेच भरवलं तुझ्या डोक्यात. गावभर बोंबलत फिरायचा. मी म्हणायची, अरे पुरे कर, चढेल त्याला." ती हसली, पण त्या हसण्याकडे सेल्बीला बघवेना. "कुणाकुणाला माहीत आहे?"

"ऱ्होडाला. आणि आता तुला. उद्या हॅलिफॅक्सला जाऊन कंपनीत लिहून देतो. कॅप्टनलाही सांगतो."

"मी जगाला सांगत सुटले होते. पोरीलाही. अंथरुणात पडून रडायची ती, आणि मी तिला सांगायची, तुझा बाप फुकट नाही गेला. ते ऐकलं की झोपायची."

चहा गार झाला. तीन वाजले आणि भिंतीवरचा फोन वाजला. दर रविवारी तीनला तो वाजतोच; कॉर्कमध्ये तेव्हा साडेसहा झालेले असतात, ग्लेनिसची पाळी संपते आणि ती आईला फोन करते.

व्हर्ना उठली नाही.

"घे," ती म्हणाली.

"व्हर्ना, आत्ता नको. तू बोल तिच्याशी, मी नंतर—"

"मी काय बोलू? खोटं आता मला बोलता येणार नाही आणि खरं बोलायचं माझ्यात त्राण नाही. तू आणलंस ना हे घरात? तूच सांग."

सातव्या घंटीला त्याने फोन उचलला.

"आई?"

"मी आहे, ग्लेनिस. मामा."

"मामा! बरं झालं भेटलास. आई बरी आहे ना? आवाज असा का येतोय तुझा?"

"आई इथेच आहे. बरी आहे. ग्लेनिस, बसली आहेस का तू? बस जरा."

त्याने सांगितलं. फिल्म दाखवायची सोय नव्हती, म्हणून शब्दांत सांगावं लागलं. पेटी, कण, पाव फेरा, चाळीस मिनिटं. काहीच गाळलं नाही. ऱ्होडा काय म्हणाली आणि आपण काय उत्तर दिलं, ते जसंच्या तसं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बाबांना हे माहीत होतं?" शेवटी तिने विचारलं. "परत एकदा बघता आलं असतं, हे?"

"नाही."

"त्यांनी विचारलं तुला काही?"

"साडेदहाला आला होता चहा घेऊन. म्हणाला, कापायलाच हवं असेल."

"म्हणजे ते तुझ्या शब्दावर उभे होते तिथे."

"हो," सेल्बी म्हणाला.

पलीकडे काहीच ऐकू येईना. सेल्बीला वाटलं, लाइन गेली. मनापासून वाटलं, की गेली असावी. "ग्लेनिस?" त्याने विचारलं. उत्तर नाही. त्याने फोन कानाशी घट्ट दाबला. कॉर्कमध्ये तिच्या खिडकीखालून एक बस गेली, ओल्या रस्त्यावरून, ती ऐकू आली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. आणि मग तिचा श्वास, आत जाताना अडखळणारा, बाहेर येताना थरथरणारा, अगदी कानाशी. लाइन कुठेही तुटलेली नव्हती.